दोन पाट्यांची पारख

बँकेतील नोकरीत बदली ही अटळ गोष्ट. परंतु ती म्हैसूरसारख्या शहरी झाली, तर तिला शिक्षा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चामुंडीची टेकडी, देवराज मार्केटमधील मोगऱ्याचे ढीग, दसऱ्याची रोषणाई आणि इतके असूनही सायंकाळी सातनंतर शांत होणारे रस्ते. १ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव ‘मैसूरु’ झाले असले, तरी आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी म्हैसूरच बसले आहे. येथे कर्ज विभागात काम करीत असताना एका प्रकरणाने मला असे काही शिकविले, की जे एम.कॉम.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आले नव्हते. ते आपल्या वाचकांसमोर ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशोका रोड हा येथील सराफी व्यवसायाचा जुना रस्ता. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली गलई बांधवांची कुटुंबे आपणांस ठाऊक असतीलच. दक्षिणेतील बहुतेक प्रत्येक सराफ पेठेत त्यांची भट्टी असतेच. अशाच एका कुटुंबातील पंचविशीचा मुलगा शाखेत आला. वडिलांचा धंदा त्याला पुढे चालवायचा नव्हता. महाविद्यालयाजवळ एक गाळा भाड्याने घेऊन पूल टेबलचे केंद्र सुरू करावे, असा त्याचा मानस होता. मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाख रुपयांच्या मर्यादेत, त्याने कर्जाची मागणी केली होती. सोबत विक्रेत्याचे दरपत्रक होते: ‘१३० वर्षांपूर्वीचे अस्सल लंडन मेक टेबल, किंमत ४,८०,०००.’ पंचवीस टक्के स्वतःचे, म्हणजे १,२०,००० रुपये भरण्यासाठी आईची मुदत ठेव मोडायची होती. ती ठेव आमच्याच शाखेत होती आणि तिच्यावर नामांकन याच मुलाचे होते.

मुलासोबत त्याचे वडीलही आले होते. इतका वेळ गप्प बसलेले शेठ शेवटी म्हणाले, “साहेब, सोनं असतं तर कसोटीवर घासून दोन मिनिटांत सांगितलं असतं. लाकडाला कस कुठं लावायचा, ते तुम्ही सांगा.”

मला ते सांगता येत नव्हते. जुन्या यंत्रसामग्रीवर कर्ज देताना मूल्यांकन आणि उर्वरित आयुष्य यांचा दाखला घ्यावा, हे परिपत्रकाप्रमाणे मला पाठ होते. पण दाखला देणाऱ्याने तरी काय पाहावे? मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आता थोडे विषयांतर, पण ते आवश्यक आहे. या खेळाचे आणि आपल्या देशाचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून एक नवा खेळ रचला आणि त्याला ‘स्नूकर’ हे नाव पडले. त्या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले ते उटीच्या क्लबमध्ये, १८८२ च्या सुमारास. ते उटी म्हैसूरहून बंदीपूरच्या जंगलातून गेले की जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे. इंग्लंडचे त्या काळचे नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स १८८५ साली कलकत्त्यात चेंबरलेन यांना भेटले आणि हा खेळ मायदेशी घेऊन गेले, असे सांगितले जाते. पुढे १९५८ साली त्याच कलकत्त्यात पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळविले. कोणत्याही खेळातील भारताचे ते पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद होय. १९६४ साली ते त्यांनी पुन्हा मिळविले. आजच्या पिढीस पंकज अडवाणी परिचित आहेत. तेही पुण्यातच जन्मले, बंगळुरात वाढले आणि २५ हून अधिक जागतिक विजेतेपदांचे धनी झाले.

तात्पर्य, संस्थानिकांचे वाडे, गोऱ्या साहेबांचे क्लब, कॉफीच्या मळ्यांवरील बंगले या साऱ्या ठिकाणी दक्षिणेत गेली दीडशे वर्षे ही टेबले आलेली आहेत. त्यामुळे ‘जुने विलायती टेबल’ म्हैसुरात निघणे अशक्य नाही. आणि अशक्य नाही, यातच फसवणुकीची सोय आहे.

क्लबमध्ये टेबलाची निगा राखणाऱ्या आणि गुण मोजणाऱ्या माणसास ‘मार्कर’ म्हणतात. आमच्या शाखेचे एक निवृत्तिवेतनधारक एका क्लबात चाळीस वर्षे मार्कर होते, हे मला आमच्या शिपायाकडून कळले. घरची भाषा मराठी, पण कैक पिढ्या कर्नाटकात गेल्याने तिचे वळण निराळे. वय सत्तरीपलीकडे. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि एका रविवारी आम्ही चौघे, म्हणजे काका, शेठ, मुलगा आणि मी, शहराबाहेरच्या त्या गोदामात गेलो.

टेबल दिसायला देखणे होते. कोरीव, गोलाकार घडणीचे महोगनीसारखे गडद पाय. हिरवेगार नवे कापड. आणि लांबीच्या बाजूवर एक पितळी पाटी, तिच्यावर लंडनच्या एका नामवंत जुन्या कारखान्याचे नाव. “ओरिजिनल लंडन, सार,” विक्रेता म्हणाला. मी भारावून पाटीचे छायाचित्र घेऊ लागलो.

काका म्हणाले, “पाटी मागनं बघा साहेब. पुढनं काय बघताय?”

पाटी ही टेबलावरची सर्वांत हलकी वस्तू आहे. चार स्क्रू काढले की ती दुसऱ्या टेबलावर जाते. म्हणून खरे पाहायचे असते ते पाटीच्या आजूबाजूचे आणि खालचे लाकूड. शंभर वर्षे एका जागी बसलेल्या पाटीखाली पॉलिशचा रंग निराळा राहतो, कडेला मेणाचा आणि धुळीचा थर साचतो, स्क्रूची भोके एकच असतात. पाटीशेजारी बुजविलेली भोके दिसली किंवा पाटीखालील लाकडाचा रंग बाहेरच्यासारखाच असला, तर ती नंतर आलेली समजावी. शिवाय जुन्या टेबलांचे कापड आणि रबर बदलणारे कारागीरही आपली पाटी लावून जात. त्यामुळे पाटी खरी असूनही ती निर्मात्याची असेलच असे नाही. पाटीवरील पत्ता मात्र पुष्कळ काही सांगतो. उदाहरणार्थ, थर्स्टन या सर्वांत जुन्यांपैकी एका कारखान्याचे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील दालन १९०१ साली सुरू झाले आणि १९४० साली बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. त्या पत्त्याची पाटी असलेले टेबल कोणी १८७० चे म्हणून विकू लागला, तर त्यास नम्रपणे नमस्कार करावा.

आमच्या टेबलावरील पाटीचे स्क्रू विक्रेत्याच्या संमतीने काढले. खालचे लाकूड बाहेरच्याइतकेच चकचकीत निघाले.

मी हळूच माझे ज्ञान पाजळले. इंग्लंडमध्ये तर बारा फुटी टेबले असत, हे आठ फुटी आहे, म्हणजे खोटेच! काकांनी मान हलविली. क्लबमधील पूर्ण आकाराचे टेबल बारा फुटी असते हे खरे. त्याचे खेळाचे क्षेत्र ११ फूट ८.५ इंच बाय ५ फूट १० इंच, पाय आठ, दगडाचे तुकडे सहसा पाच आणि वजन सव्वा टनाच्या पुढे. परंतु घरगुती वापरासाठी त्याच कारखान्यांनी सहा, सात, आठ, नऊ फुटी टेबलेही केली. काही तर वर फळ्या टाकल्या की जेवणाची मेजे होत. तेव्हा केवळ मापावरून निकाल देता येत नाही. अर्धवट माहिती असलेल्या बँक अधिकाऱ्याने गप्प बसावे हे उत्तम, असा धडा मी मनातल्या मनात घेतला.

मग काका वाकले आणि टेबलाखाली शिरले. सत्तरी उलटलेला माणूस गोदामाच्या फरशीवर उताणा पडून बॅटरी मारतो आहे, हे दृश्य मी विसरणार नाही. पाच मिनिटांनी त्यांनी मला आणि शेठना खाली बोलावले.

टेबलाची खरी जन्मपत्रिका खालच्या बाजूस असते. तेथे कोणी पॉलिश करीत नाही. आम्ही पाहिले ते असे. पायांचे लाकूड जुने, जड, खालून काळवंडलेले होते आणि हाताच्या रंध्याचे बारीक चढउतार बोटांना जाणवत होते. पण पाय ज्या चौकटीला जोडले होते ती चौकट प्लायवुडची. तिला लाल पॉलिश मारलेले. जोड होते स्क्रूचे आणि त्या स्क्रूंच्या डोक्यावर फुलीची खाच होती. फुलीच्या खाचेचा हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात प्रचारात आला. त्यापूर्वीच्या लाकूडकामात सरळ एका रेघेची खाच असते. दुरुस्तीत एखाददुसरा नवा स्क्रू आला तर समजण्यासारखे आहे. येथे मात्र सर्वच्या सर्व फुलीचे होते. शिवाय प्रत्येक पायाच्या माथ्यावर जाड बोल्टचे एक जुने, रिकामे भोक होते. त्या भोकासमोर नव्या चौकटीत काहीच नव्हते.

“पाय मोठ्या टेबलाचे आहेत,” काका म्हणाले. “आठातले सहा इथं लावलेत. अंगावरचं सगळं नवं.”

म्हणजे कोठल्या तरी बारा फुटी टेबलाचे विसर्जन झाले होते. पाय आणि पाटी घेऊन त्यांभोवती एक नवे टेबल बांधलेले होते. जुन्या लाकडी सामानाच्या व्यापारात अशा जोडकामाला जगभर ‘लग्न’ म्हणतात, असे मी नंतर वाचले. शेठना मात्र त्यासाठी आपल्या धंद्यातील शब्द लगेच सुचला. ते म्हणाले, “वर सोन्याचा पत्रा, आत तांबं.”

हे विधान थोडे घाईचे ठरले. कारण आतील वस्तू तांबे नव्हती.

या खेळाच्या टेबलाचा प्राण म्हणजे त्याचा दगड. पूर्वी पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे आणि तो हवेनुसार वाकत असे. थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास लाकडाऐवजी स्लेटचा दगड वापरण्यास आरंभ केला. स्लेट म्हणजे आपण लहानपणी ज्यावर ‘ग म भ न’ गिरविले, त्या पाटीचाच दगड. तो थरांचा बनलेला असल्याने त्याच्या सपाट लाद्या निघतात, घासून त्याला एकसारखी पातळी देता येते आणि ओलाव्याने तो फुगत नाही. म्हैसूरसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात कपाटाची दारे लागत नाहीत, तेथे हा गुण मोलाचा. वेल्स आणि इटली येथील खाणींचा दगड विशेष नावाजलेला. पूर्ण आकाराच्या टेबलात तो पावणेदोन ते दोन इंच जाडीचा, तर चांगल्या पूल टेबलात एक इंच जाडीचा असतो.

स्वस्त टेबलांत दगडाच्या जागी दाबीव लाकडाचा पत्रा घालून वर कापड ताणलेले असते. वरून काहीही कळत नाही. ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वजन. आठ फुटी, स्लेटचे टेबल साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलो भरते. “दोन माणसे सहज उचलतील,” असे विक्रेता प्रेमाने सांगू लागला, तर आपले काम तेथेच संपले. दुसरा उपाय म्हणजे खालून हात लावून पाहणे. दगड थंड लागतो, करडा किंवा हिरवट काळा दिसतो आणि बोटाच्या पेराने ठोकले असता पोकळ वाजत नाही. पॉकेटच्या तोंडाशी त्याची कड दिसते. तेथे फूटपट्टी धरली की जाडी समजते.

आमच्या टेबलाचा दगड तीन तुकड्यांत, पूर्ण २५ मिलिमीटर जाडीचा निघाला. कोठे तडा नव्हता. जुन्या कारखान्यांत दगडांच्या तुकड्यांवर आणि चौकटीवर जुळणारे आकडे कोरलेले असत, म्हणजे टेबल हलविल्यावर तुकडे त्याच क्रमाने बसविता येत. येथे तसे आकडे नव्हते. दगड आधुनिक होता, परंतु उत्तम होता. काकांनी एक चेंडू अगदी हलक्या हाताने लांबीच्या दिशेने सोडला. थांबता थांबता तो उजवीकडे वळला. दोष दगडाचा नव्हे, मांडणीचा होता. गोदामाची फरशीच उताराची होती. पायांखाली पाचरी देऊन पातळी साधता आली असती.

कुशनचे रबर मात्र संपले होते. रबर कालांतराने कडक पडते. अंगठ्याने दाबले असता ते दबून पुन्हा वर आले पाहिजे आणि चेंडू आपटल्यावर ‘ठक्क’ असा कोरडा आवाज येता कामा नये. पूलमध्ये कुशनच्या कडेची उंची चेंडूच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के असावी लागते. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे ही उंची ३६ मिलिमीटरच्या थोडी वर येते. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. म्हणून एका खेळाचे टेबल दुसऱ्या खेळाच्या चेंडूंसह विकले जात असेल, तर चेंडू कधी उसळतो, कधी दबतो आणि घेणाऱ्यास कारण कळत नाही. पॉकेटच्या तोंडाचीही तीच कथा. स्नूकरच्या टेबलात कुशन पॉकेटकडे गोलाई घेऊन वळते, अमेरिकन पद्धतीच्या पूल टेबलात ते सरळ, कोन करून कापलेले असते. आमच्या ‘१३० वर्षांच्या लंडनच्या’ टेबलाची पॉकेटे स्वच्छ अमेरिकन होती!

विक्रेत्याने शेवटचा हुकमी एक्का काढला. मखमलीच्या पेटीत काही जुने पांढरे चेंडू होते. “हस्तिदंत, सार. फुकट देतो.” ही देणगी मात्र फारच महागात पडली असती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनुसार आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार, मग तो हत्ती भारतीय असो वा आफ्रिकी, निषिद्ध आहे. ताब्यात ठेवण्यावरही निर्बंध आहेत. एकोणिसाव्या शतकात चेंडू हस्तिदंतीच असत, हे खरे. पुढे त्यांची जागा सेल्युलॉइडने आणि नंतर इतर कृत्रिम पदार्थांनी घेतली. काकांनी चेंडू प्रकाशात फिरवून पाहिला. हस्तिदंताच्या काही भागांवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. ती येथे नव्हती. चेंडू प्लास्टिकचेच होते. विक्रेता हिरमुसला, मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणखी एक कायदा वाचकांच्या कानावर घालतो. वस्तू खरोखरच शंभर वर्षांहून जुनी आणि कलाकुसरीची असेल, तर ती पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. तेव्हा ‘प्राचीन’ म्हणून पाच लाख मागणाऱ्यास परवाना विचारणे, हा ग्राहकाचा हक्क आहे. आमच्या विक्रेत्यास तो विचारताच टेबलाचे वय झपाट्याने उतरू लागले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास येथे एक गंमत दिसेल. तेच टेबल ‘वापरलेले’ म्हटले की दरवर्षी घसारा लागतो आणि ‘प्राचीन’ म्हटले की दरवर्षी किंमत चढते. मधला सगळा फरक चार स्क्रूंच्या एका पाटीचा. कर्ज देणाऱ्यास मात्र पाटीवर टेकता येत नाही. उद्या हप्ते थकले, तर विकायचे असते ते टेबल, त्याची कथा नव्हे.

बाहेर येऊन आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर कॉफी घेतली. मुलगा पार खचला होता. त्याने मित्रांना टेबलाची छायाचित्रे आधीच दाखविली होती, गाळ्याच्या नावातही ‘लंडन’ घातले होते. मला वाटले, प्रकरण येथेच नामंजूर करावे. तो मार्ग माझ्यासाठी सर्वांत सुरक्षित होता. खरे सांगतो, मनात शेरा लिहूनही झाला होता.

तेवढ्यात शेठ म्हणाले, “खोट आहे म्हणून सोनं टाकत नाही आम्ही. गाळतो, आणि निघेल तेवढ्याचे पैसे देतो.”

मग हिशेब मांडला. दगड चांगला. चौकट नवी, पण मजबूत, वाळवी नाही. पाय शोभेचे. कापड नवे. रबर बदलावे लागणार. आणून, पातळीत बसवून देण्याचा खर्च वेगळा. शेठ पुन्हा आत गेले आणि अर्ध्या तासाने परतले ते १,६५,००० रुपयांचा सौदा करून. दरपत्रकात मी एकच आग्रह धरला. ‘लंडन’ आणि ‘१३० वर्षे’ हे शब्द काढून ‘वापरलेले आठ फुटी पूल टेबल, स्लेट २५ मि.मी., तीन तुकडे’ एवढेच लिहावे आणि रीतसर पावती द्यावी. रबर, वाहतूक व मांडणीसाठी ३५,००० धरून एकूण प्रकल्प दोन लाखांचा झाला. पन्नास हजार मुलाच्या बचत खात्यात होते, दीड लाखाचे कर्ज मंजूर झाले. आईच्या मुदत ठेवीस हात लागला नाही.

निघताना काकांनी विक्रेत्यास एक प्रश्न विचारला. मोठ्या टेबलाचे पाय आठ, इथे सहा, मग उरलेले दोन कोठे गेले? तो जरा घुटमळला. एका कॉफीवाल्याच्या बंगल्यात दिव्याचे खांब म्हणून लागले आहेत, म्हणाला. काका बराच वेळ त्या कोरीव पायांवरून हात फिरवीत उभे होते. ते टेबल कोणत्या क्लबचे, हे त्यांना ओळखता आले असावे, असे मला उगाच वाटले. मी विचारले नाही.

केंद्र सुरू होऊन आता दीड वर्ष झाले. हप्ते नियमित येतात. काका संध्याकाळी तेथे जाऊन बसतात, मुलांना क्यू धरण्याची रीत दाखवितात आणि रात्री कापड झाडल्याखेरीज घरी जात नाहीत. पितळी पाटी मुलाने काढून आपल्या गल्ल्याच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्या जागी नियमाप्रमाणे दुसरी पाटी आली. ‘बँकेकडे नजरगहाण’ असे तिच्यावर लिहिले असून खाली आमच्या शाखेचे नाव आहे. ती बसविताना सुताराने चार फुलीचे स्क्रू वापरले.